मागं कोण बसणार?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी “आपला व्यावसायिक प्रवास वाचकांसमोर उलगडावा” असं कळवलं. उलगडण्यासारखं फारसं नाही. माझा प्रवास आदिलाबादहून इचोड्यापर्यंत आणि तिथून परत, एवढाच. पण तो इतक्यांदा झाला, की एकाच दिशेनं केला असता तर एव्हाना समुद्र लागला असता.

मी मोटारसायकलच्या सीटा बनवतो. कापसाच्या मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान आहे. हंगामात कापसानं फुगलेल्या गाड्या दारावरून जातात, आणि संध्याकाळी झाडताना फोमचा भुसा कोणता आणि कापूस कोणता ते कळत नाही. पाटीवर “सीट, मडगार्ड, शॉकअप” असं तीन लिप्यांत लिहिलं आहे. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्हींत शब्द तेच. रंगाऱ्यानं उगाच तिप्पट मेहनत केली, पण आपल्याकडे एकच गोष्ट तीनदा लिहिल्याशिवाय ती सरकारमान्य वाटत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सीट म्हणजे गादी. मऊ केली की झालं. खरं तर मऊ सीट ही सगळ्यात लबाड. दुकानात बसून बघितलं की गिऱ्हाईक खूश होतं, वाटेतलं गुडीहत्नूर येईपर्यंत फोम दबतो आणि माणूस खालच्या पत्र्यावर बसून राहतो. चांगली सीट पहिल्यांदा बसल्यावर जरा कडकच वाटते. माणसांचंही पुष्कळदा असंच असतं, पण मी सीटांपुरतंच बोलतो.

दुसरी गोष्ट, सीट एकटी कधी बदलता येत नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ज्या स्प्रिंगा उभ्या असतात, त्यांना आम्ही शॉकअप म्हणतो. सीट, मडगार्ड आणि शॉकअप हे एका घरात राहणारे तीन भाऊ. एकाची खोली मोठी केली की दुसऱ्याची भिंत सरकते. सीट खाली घ्यायची तर मडगार्ड कापावं लागतं. मडगार्ड चाकाजवळ आलं तर शॉकअप कडक करावे लागतात, नाहीतर खड्ड्यात चाक वर येऊन मडगार्डला घासतं. शॉकअप कडक केले की सीट पुन्हा मऊ करा. अशी ही भाऊबंदकी. तिचा निवाडा एकाच प्रश्नानं होतो, आणि तो प्रश्न आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्यांदा विचारतो: मागं कोण बसणार?

सोपा वाटतो, पण या प्रश्नाला खरं उत्तर क्वचित मिळतं. जैनथकडचा एक भाजीवाला आला होता. वांगी-टोमॅटो लावायचा. मी विचारलं, तर म्हणाला, “मागं कोनी नाई. मी एकटाच असतो.”

त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, “काऊन? मी का वाऱ्यावर उडत येते का बाजारात?”

तो गोंधळला. “तू तं आहेच ना. तुले काय मोजाचं?”

“मले नका मोजू. क्यारेट मोजा. दोन क्यारेट मांडीवर घेऊन येते मी.”

त्याला खोटं बोलायचं नव्हतं. तिला तो खरोखरच वेगळी धरत नव्हता. त्या सीटचा मागचा भाग मी बायकोला बसवून तिच्या मापानं कापला आणि पुढच्या भागाचं माप अंदाजानं घेतलं. दोघांची तक्रार आली नाही.

मडगार्डाचंही असंच. आता तरुण पोरं मागचं मडगार्ड कापून मागतात, म्हणजे टायर उघडा दिसतो आणि गाडी रागावलेली वाटते. पण हेच मडगार्ड जुने शेतकरी फार आधीपासून कापून घ्यायचे, कारण आमची काळी माती. ओल्या शिवारातून गाडी काढली की माती चाकाला चिकटते, चाकावरून मडगार्डात भरते, आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. मग बैलजोडी बोलवा. एकदा दुकानात कापूसवाला शेतकरी आणि त्याच गावचा कॉलेजातला पोरगा एकाच वेळी आले, दोघांनाही तेच मडगार्ड, तिथंच कापून हवं होतं. शेतकरी त्याला म्हणाला, “तुह्यं वावर कोणतं बे?” पोरगा म्हणाला, “वावर नाई काका, लुक आहे.” शेतकऱ्यानं मान डोलावली. त्याला वाटलं असावं, लुक हे नवीन वाण असेल.

आणि एक युवा नेते. नाव सांगत नाही, कारण त्यांचं नाव आधीच पुष्कळ भिंतींवर आहे. त्यांना मिरवणुकीसाठी मोटारसायकलवर लाल मखमलीची, उंच पाठीची, सोनेरी गोंडे लावलेली सीट पाहिजे होती. “गर्दीत दिसलो पायजे,” एवढीच अट. मी विचारलं, मागं कोण बसणार? त्यांनी मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांकडे हात केला आणि म्हणाले, “जनता.” जनतेच्या वजनाला पुरतील असे शॉकअप अजून निघाले नाहीत, पण आम्ही सीट बनवली. ती इतकी उंच झाली की साहेबांचे पाय जमिनीला टेकेनात. चालत्या गाडीवर ते भव्य दिसले. चौकात हार घालायला गाडी थांबवली, आणि साहेब हारासकट, अगदी सावकाश, झाड पडावं तसे डावीकडे आडवे झाले. दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. आम्ही बुटके शॉकअप लावून सिंहासन जमिनीजवळ आणलं. पाठ तेवढी उंच ठेवली. प्रतिष्ठेला पाठ लागते, पाय लागत नाहीत.

“आम्ही” म्हणतो आहे, कारण दुकानात आम्ही दोघे होतो. सीट माझी, मडगार्ड आणि शॉकअप यादगिरीचे.

यादगिरी तेलुगू घरचा, पण आदिलाबादच्या गल्लीत वाढला, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा रांगडी बोलायचा. मला तो पंतुलू म्हणायचा. तेलुगूत पंतुलू म्हणजे मास्तर, शिकलेला माणूस. त्यात कौतुक नव्हतं. मी गिऱ्हाईक नसताना पुस्तक वाचत बसतो, आणि गावच्या वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांना रेक्झिनचे पुठ्ठे घालून देतो, याची ती थट्टा होती. “पंतुलू, पुस्तकाले पन सीट लावली का बे? आता मागं कोन बसते?” हा त्याचा ठरलेला विनोद. मी लग्न केलं नाही. म्हणजे ठरवून नाही, राहून गेलं. दुरुस्तीला टाकलेल्या काही वस्तू न्यायला कुणी येत नाही, आणि मग त्या दुकानाच्याच होतात, तसं. त्यामुळे हा विनोद पुस्तकापुरता नव्हता हे मला कळायचं, आणि मला कळतं हे त्याला. पण हसायचो दोघेही.

कुठलीही गाडी तयार झाली की आम्ही ती घेऊन इचोड्याला जायचो. दुकानात सीट कळत नाही आणि एकट्या माणसाला शॉकअप कळत नाहीत. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं मागे बसायचं. मी चालवायचो, कारण यादगिरीचं म्हणणं असं, की गाडीचं खरं काय ते मागे बसणाऱ्यालाच कळतं, पुढच्याला फक्त रस्ता दिसतो. इचोड्यात रस्त्याकाठच्या एका टपरीवर उभ्यानं चहा, आणि परत. ट्रकवाल्यांच्या गर्दीत आमची जागा ठरलेली. गिऱ्हाइकं वैतागून म्हणायची, “गाडी झाली तं द्या ना, इचोड्याचा चहा आमच्या गाडीवर काऊन?”

मोटारसायकलवर वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा होत्या. यादगिरीनं माझ्या उजव्या खांद्यावर थाप मारली की शॉकअपमध्ये काहीतरी आहे. डाव्या खांद्यावर मारली की सीटमध्ये. दोन्ही खांद्यांवर दोन्ही हात टेकले की थांब. यापलीकडं बोलायची फार गरज पडली नाही. आता मोजायला बसलं, तर आयुष्यातलं माझं सगळ्यात जास्त बोलणं बहुतेक खांद्यांवरूनच झालं असेल.

निघण्याआधी आणखी एक रीत होती. यादगिरी मागे बसला, की मी खाली वाकून मडगार्ड आणि चाक यांच्या मध्ये हात घालायचो. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीवर तो बसला की तिथं बरोबर चार बोटं जायची. अंगठा बाहेर राहायचा. शॉकअप फिरवताना हेच आमचं माप. काटा, पट्टी काही नाही. चार बोटं म्हणजे यादगिरी.

तीन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण शब्द ओढत यायचे. बायको आधीच वारलेली. मुलगी सुजाता हैदराबादेत, शाळेत शिकवते. तिनं इथं एक बाई ठेवली, आणि ती सुट्ट्यांत येत-जात राहिली. मी रोज दुकान बंद करून त्याच्याकडे जाऊन बसायचो. दिवसभरात कोणती गाडी आली, मडगार्ड कुठून कापलं, शॉकअप कुणाकडून बसवून आणले, हे सगळं तो विचारायचा आणि प्रत्येक गोष्टीला “चुकलं” म्हणायचा. त्याचं बरोबर असायचं असं नाही. पण मलाही कुणीतरी चुकलं म्हणावं असं वाटायचं.

दुकानात अडचण झाली ती इचोड्याची. मागे बसायला कुणी नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याला एकदा नेलं. तो रस्ताभर मोबाइलवर बोलत होता. मग मी जिनिंगमधून सरकी आणली. कापसातली रुई काढून घेतली की उरतं ते बी, म्हणजे सरकी. आमच्याकडे ढिगांनी मिळते. एका पोत्यात भरत गेलो, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पोतं ठेवून खाली हात घालत गेलो. चार बोटं बसली तिथं थांबलो आणि तोंड शिवलं. वरून रेक्झिनची खोळ घातली, पट्टे लावले. ते पोतं मागे बांधून मी इचोड्याला जायला लागलो. गिऱ्हाइकं त्याला यादगिरीच म्हणायची. “काका, यादगिरीले बसवा न् चक्कर मारून या.” पोतं उत्तम काम करतं. शॉकअप बसले की कळतं, सीट दबली की कळतं. फक्त काही सांगत नाही. टपरीवर मी एक चहा घेतो. पहिल्या दिवशी टपरीवाल्यानं सवयीनं दोन ओतले होते.

याच काळात गिऱ्हाइकंही बदलली. मागं कोण बसणार विचारलं की पोरं सांगतात, “कोनी नाई काका. सिंगल करा. मागचा भाग काढूनच टाका.” मी काढून टाकतो. मागची अर्धी सीट कापली की गाडी चपळ दिसते हे खरं आहे. ते कापलेले अर्धे फोम माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी रचून ठेवलेत. फेकवत नाहीत. कशाला ठेवले, ते मलाही माहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात सुजाता आली ती यादगिरीला कायमचं न्यायला. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. रविवारी सकाळी निघायचं. मी गेलो तेव्हा ती भांडी बांधत होती आणि यादगिरी खाटेवर बसून ती चुकीची बांधते आहे असं सांगत होता. मला बघून म्हणाला, “पंतुलू, जायाच्या आगुदर एकदा इचोडा.”

सुजाता बापाकडे वळली. “नान्ना, कारनी जाऊ. उद्या नेते मी.”

“कारमधी बसून शॉकअप नाई कळत.”

“आता काय कळाचं राह्यलं शॉकअपचं?”

मग ती मला म्हणाली, “काका, तुमी तरी सांगा. डावा हात नाई, डावा पाय नाई. मोटारसायकलवरून पडले तं?”

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मी सांगायला हवं होतं, की यादगिरी, राहू दे. त्याऐवजी म्हणालो, “पडणार नाही अशी सीट बनवली तर?”

तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणी ही पोरगी दुकानात फोमच्या तुकड्यांवर झोपायची. म्हणाली, “बनवा. मी पाहीन. पटली तं शनिवारी जा, मी कार घेऊन मागं मागं येईन. नाई पटली तं हा विषय बंद. तुमी दोघंही पुन्हा काढायचा नाई.”

“सरे,” यादगिरी म्हणाला. म्हणजे ठीक.

पुढचे दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. माझ्या गाडीची सीट काढली. यादगिरीची डावी बाजू पडते, म्हणून तिकडे फोम उंच केला. मागे पाठ दिली, तिच्यात लोखंडी सळई. दोन्ही बाजूंना हात टेकायला कठडे. छातीवरून पट्टा. पायाला खाच. मागचं मडगार्ड काढून त्याजागी मजबूत बसवलं, वर कॅरिअर जोडलं. मग पोतं त्या सीटवर बसवून चार बोटांवर शॉकअप लावले आणि इचोड्याला जाऊन आलो. पोतं कुठं हललं नाही. मला अभिमान वाटला. इतक्या वर्षांत एवढं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी गाडी त्याच्या दारात नेली. सुजातानं सगळीकडून हात लावून बघितलं, पाठ हलवली, पट्टा ओढला. चूक काढली नाही, म्हणजे पटत होतं. यादगिरी दारात काठीवर उभा राहून बघत होता, आणि एकदम हसायला लागला. तोंड एका बाजूला जायचं, पण हसू जुनंच.

“हे काय बनवलं बे पंतुलू? इलेक्शनले उभा करून राह्यला का मले? गोंडे काऊन नाई लावले?”

मी नीट पाहिलं. जन्मभर ज्या सिंहासनांना हसलो, तसंच एक माझ्या गाडीवर बसलं होतं.

“आता बसवा,” सुजाता म्हणाली.

आणि बसवता येईना. मोटारसायकलवर मागे बसणारा पाय मागून टाकून बसतो. मागे तर मी पाठ उभी केली होती, बाजूला कठडे. धड माणसालासुद्धा वरून उडी मारूनच आत पडावं लागलं असतं. पोत्याला पाय नव्हते, त्यामुळे ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. मी पोत्यासाठी सीट बनवली होती.

सुजातानं तोंड फिरवलं. तिला हसू येत होतं की रडू, ते तिनं दिसू दिलं नाही. “झालं ना काका. आता विषय बंद.”

“थांब वो,” यादगिरी तिला म्हणाला. “पाना आन ना पंतुलू. काढ हे देऊळ.”

मी पाठ काढली, कठडे काढले. उरली साधी दोन माणसांची सीट. यादगिरी उजव्या बाजूनं आला, धड पायावर उभा राहिला, आणि त्याचा डावा पाय सुजातानं आणि मी उचलून पलीकडे टाकला. तो बसला. मी सवयीनं खाली वाकलो आणि मडगार्डखाली हात घातला.

सगळा हात आत गेला. अंगठ्यासकट. वर आणखी जागा होती.

रोज मी त्याच्या खाटेशी बसत होतो. चादरीखालचं माणूस किती उरलंय, ते डोळ्यांना दिसत नाही. स्प्रिंगेला दिसतं. स्प्रिंग खाली गेलीच नव्हती. मी पान्यानं शॉकअप सगळ्यात सैल खाचेवर आणले आणि पुन्हा हात घातला. फारसा फरक नाही.

“किती?” वरून यादगिरीनं विचारलं.

“चार.”

“खोटं.”

मी हात बाहेर काढला नाही. तो मागे वळून बघू शकत नव्हता, पण त्याला गाडी अंगाखाली कळत होती. इतकी वर्षं तेच तर त्याचं काम. “कडक बसली आहे,” तो म्हणाला. “असा गेलो तं पयल्याच खड्ड्यात उडन मी. पोरगी बरोबर बोलून राह्यली.”

सुजाता आमच्या दोघांकडे बघत होती. विषय खरोखरच बंद झाला, असं मला वाटलं.

मग यादगिरी म्हणाला, “पोतं आनलं का?”

पोतं दुकानात होतं. मी जाऊन आणलं. त्याच्या सांगण्यावरून शिवण उसवली, सरकी अंगणात एका ताडपत्रीवर ओतली आणि रिकामी खोळ त्याच्या पाठीमागे कॅरिअरवर उभी बांधली. मग घमेल्यानं सरकी खोळीत टाकत गेलो. टाकायची, खाली वाकायचं, हात घालायचा. पुन्हा टाकायची. यादगिरी पुढे बघत म्हणत होता, “आणखी.” गाडी हळूहळू खाली बसत होती. सुजाता दुसरं घमेलं घेऊन आली आणि न विचारता भरून द्यायला लागली. जेवढी सरकी खोळीत गेली, तेवढा यादगिरी या दोन वर्षांत कमी झाला होता. तिला ते कळलं असावं, कारण शेवटचं घमेलं तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

“आता?” त्यानं विचारलं.

“चार,” मी म्हणालो. या वेळी खरं होतं.

तो मागे टेकला. सरकीचं पोतं पाठीला चांगलं असतं, दबतं आणि धरून ठेवतं. कमरेभोवती मी खोळीचाच पट्टा घेतला. “मीच मले टेकून बसलो,” तो म्हणाला. सुजातानं त्याच्या डोक्यावर हेल्मेट घातलं, हनुवटीखाली क्लिप लावली आणि मला म्हणाली, “हळू, काका.” पटली असं ती म्हणाली नाही. कारची किल्ली घेऊन आली.

आम्ही निघालो. पुढे मोटारसायकल, मागे दिवे लावून पांढरी कार. मंत्र्याच्या ताफ्यासारखं. गुडीहत्नूरला एका शेतकऱ्यानं तर हात जोडले. वेचणीचे दिवस होते, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, पुढे सागाच्या झाडांचा पट्टा. माझ्या उजव्या खांद्यावर अधूनमधून थाप येत होती. शॉकअप, शॉकअप. प्रत्येक खड्ड्याला तक्रार. त्या तक्रारी मी दोन वर्षं ऐकल्या नव्हत्या. डावा खांदा रिकामा होता. तो हात आता उठत नव्हता. सीटबद्दल मला काही कळणार नव्हतं, चांगली आहे असं धरून चालायचं.

इचोड्यात टपरीवाल्यानं त्याला ओळखलं, गाडीवरच चहा आणून दिला. यादगिरीनं तो उजव्या हातानं प्यायला, थोडा हेल्मेटच्या पट्ट्यावर सांडला. “साखर वाढली,” म्हणाला. “तू नाई म्हणून तर वाढवली,” टपरीवाला म्हणाला. सुजातानं कारमध्ये बसून चहा घेतला आणि चांगला आहे म्हणाली. सगळं अगदी साधं चाललं होतं.

परतताना त्यानं थापा मारल्या नाहीत. मला वाटलं दमला. शहराच्या अलीकडे रस्त्याला एक वळण आहे, तिथून पाण्याची टाकी दिसायला लागते. त्या वळणावर त्याचा हात माझ्या उजव्या खांद्यावर आला, आणि तिथं टेकला. मग तोच हात उचलून त्यानं माझ्या डाव्या खांद्यावर टेकला. मग पुन्हा उजव्या. एकाच हातानं दोन्ही हातांची खूण.

मी गाडी बाजूला घेतली. मागे कार थांबली. सुजाता दार उघडून धावतच आली. “काय झालं नान्ना?”

“शॉकअपमधी आवाज येऊन राह्यला,” तो म्हणाला.

मी मान वळवली. तो माझ्या कानाशी, तिला ऐकू जाणार नाही असं बोलला. “पोचलो तं जा लागते ना बे.”

मी पाना काढला. शॉकअपमध्ये आवाज वगैरे काही नव्हता. मी खाली बसलो आणि जे घट्ट होतं ते सैल केलं, जे सैल होतं ते घट्ट केलं. एकीकडचं झालं की दुसरीकडचं. यादगिरी पोत्याला टेकून टाकीकडे बघत होता. मधूनच म्हणायचा, “तिकडून पन पाह्य.” सुजाता थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. लहानपणापासून तिनं हे काम बघितलं आहे, किती वेळ लागतो ते तिला माहीत आहे. मग ती कारकडे गेली, हात आत घालून इंजिन बंद केलं, आणि रस्त्याकडेच्या दगडावर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन गेली. ताडपत्रीवर उरलेली सरकी मी खोळीत परत भरली आणि तोंड शिवलं.

यादगिरीचा फोन येतो. दुकानात काय चाललंय ते विचारतो आणि चुकलं म्हणतो. परवा विचारलं, “इचोड्याले कोन बसते मागं?”

“पोतं.”

“सरकी किती भरली? आताच्या माझ्याएवढी का तवाच्या?”

“तवाच्या.”

मग म्हणाला, “बरं केलं. गिऱ्हाइकाच्या मागं बसनारे काई बिमार नसते.”

इचोड्याहून येताना त्या वळणावर मी अजून गाडी बाजूला घेतो. खांद्यावर कुणाचा हात येत नाही. पाना काढतो, खाली बसतो, मडगार्डखाली हात घालतो. चार बोटं जातात.